ओढ्यापल्याडचा माग

— न्हाई, बंदुकीचा न्हाई, अप्पा. बंदूक ह्या गावात कुणाकडं असणार? वाळलेलं ज्वारीचं ताट मोडलं की होतो ना, कट् करून, तेवढाच आवाज. बारा सालं झाली त्याला. सरकारी फसली सन त्रेचाळीस असंल न्हाईतर चव्वेचाळीस, साल माझ्या नीट ध्यानात न्हाई — आवाज ध्यानात हाय. तुमी गावाचं विचारलं म्हणून तो आधी आठवला, न्हाईतर मला कोण विचारतं? बसा की. ओट्यावर धूळ हाय पण घर चांगलं हाय, भिंती जाड हायत. पाटील चावी घेऊन येईस्तोवर बसा. मन्मथअप्पा म्हणले ना तुमी? सोनपेठचे. इथं दुकान घालायचं, बायकामाणसं आणायची, तर मग विचारणं बरोबरच हाय. चोरीमारी होते का, माणूस बाहेरगावी गेला तर घर राहील का — विचारलंच पाहिजे. अन् पाटील काय म्हणले? बारा सालांत एक गुन्हा न्हाई, असंच ना? खरं हाय ते. कागदावर खरं हाय. दर महिन्याला ठाण्यावर कागद जातो अन् त्याच्यावर एकच शब्द असतो, निरंक. म्हणजे काही घडलं न्हाई. तालुक्याला तहसीलदारानं चार गावच्या पाटलांपुढं आमच्या अण्णाराव पाटलांना मंदिल बांधला त्यापायी. जरीचा होता. मी बघितला न्हाई, लोक सांगतात.

आता असं समजू नका की गावाला ते निरंक नको होतं. सगळ्यांनाच हवं होतं, मला बी हवं होतं. गुन्हा लिहिला की अमीन, म्हणजे ठाण्याचा फौजदार, येतो, अमीन आला की जवान येतात, जवानांची घोडी कडबा खातात अन् जवान बाकीचं खातात. धुरपताबाईची एक कोंबडी गेली होती एकदा, तिनं हट्टानं ठाण्यावर कळवलं, तर तपासाला आलेले लोक नऊ कोंबड्या खाऊन गेले अन् तिलाच विचारायला लागले की तुझी कोंबडी कुठल्या रंगाची होती. तेव्हापासून गाव शहाणं झालं. काही गेलं तर चावडीत बसायचं, आपल्याआपल्यात मिटवायचं. अन् मिटायचं की! कारण माग निघायचा. चोर सापडायचा. माग कोण काढायचा — मी. मी मुंजाजी, ह्या गावचा जागल्या. होतो म्हणा. माझा बाप जागल्या, त्याचा बाप जागल्या. शीव राखायची, दारं राखायची अन् काही गेलं तर पावलं बघत बघत चोराच्या मागं जायचं. आता लोक म्हणतात मुंजाबाला दिसत न्हाई. तुमी गाडीतून तळ्यापाशी उतरलात, इथवर पायी आलात. जोडा नवा हाय, डावा चावायलाय, म्हणून टाच उचलून टाकायलात. पाटलाच्या दारात लय वेळ उभं राहिलात, ह्या पायावरून त्या पायावर. — काढा की तो जोडा, इथं कोण बघायलंय? धुळीत लिहिलंय सगळं, अप्पा. शाळेत मी दोन दिवस गेलो, तिसऱ्या दिवशी मास्तरनं घरी धाडलं, पण हे मला वाचता येतं.

मागाची एक रीत असती. पहिलं चांगलं पाऊल सापडलं की त्याच्यावर टोपलं पालथं घालायचं, म्हणजे कुणी तुडवू नये. मग ज्वारीचं ताट घ्यायचं, पावलाएवढं मोडायचं, रुंदीला नखानं खूण करायची. ते माप हातात धरून, वहाणा काढून, पुढं चालायचं अन् गावचे चार जण दहा पावलं मागं. अन् जे दिसंल ते मोठ्यानं सांगायचं. इथं उभा राहिला, इथं ओझं खाली ठेवलं, इथून वळला — कानात सांगायचं न्हाई, मनात ठेवायचं न्हाई. बाप म्हणायचा, कानात सांगितलेला माग माग नसतो, ती चुगली असती. मग शीव आली की पल्याडच्या गावच्या जागल्याला हाक मारायची अन् माप त्याच्या हातात द्यायचं — घे बाबा, तुझ्या शिवात आला. त्यानं तो माग पुढच्या शिवेपर्यंत न्यायचा. नेला तर सुटला. न्हाई नेता आला तर त्याच्या गावानं नुकसान भरून द्यायचं. आमच्या ओढ्याच्या पल्याड किशन होता जागल्या. आमची सोयरीक न्हाई, नातं न्हाई, पण बापजाद्यांपासून त्या दोन घरांनी एकमेकांच्या हातातलं माप कधी परत मोजून बघितलं न्हाई. जागल्याकडं असतं काय दुसरं? एक डोळा अन् एक शब्द.

ज्या घराच्या ओट्यावर तुमी बसलात ना, हे मल्लम्माचं. तुमच्यातलीच, लिंगायताची, नवरा लवकर गेलेला, तेल अन् गूळ विकायची. सोमवार होता, गाव सगळं बोरीच्या बाजाराला गेलेलं. दुपारी मल्लम्मा तळ्यावरून धुणं घेऊन आली तर मागचं दार उघडं अन् कणगीतलं गाठोडं न्हाई. चांदीचे तोडे, वाक्या, पोरीच्या लग्नासाठी ठेवलेलं होतं नव्हतं ते सगळं. माझ्याकडं आली. रडली न्हाई, नुसती म्हणाली, मुंजादादा, बघा की. मी बघितलं. परसात ओल होती, पाऊल असं उठलेलं की बोट लावून सांगावं. टोपलं घातलं, तिला म्हणलं तू इथंच बस, हालू नको. ती बसली टोपल्याशेजारी, जणू खाली पिल्लं झाकलीत. अन् मी निघालो. मागं चार जण न्हाईत, गावात माणूसच न्हाई. थांबायला पाहिजे होतं. बाजाराहून लोक यायला किती वेळ लागला असता? पण उन्हानं माती वाळायलेली, माग पुसायची भीती — असं मी मनाला सांगितलं. खरं सांगू का, मला पहिल्या पावलालाच कळलं होतं. उजव्या पायाला करंगळी नव्हती.

ती करंगळी कशी गेली ते मला माहीत होतं की. फाळ लागून गेली, मीच चिंधी बांधली होती. माणिकराव. पाटलाचा धाकटा भाऊ. तीस वर्षांचा बाप्या, पत्त्याच्या नादाला लागलेला. पावलं ह्या घरामागून निघाली, देवळाला वळसा घालून थेट पाटलाच्या गोठ्यात गेली. आत गेलेली दिसतात, बाहेर आलेली न्हाईत. मी गोठ्याच्या दारात उभा राहिलो, पण मोठ्यानं सांगितलं न्हाई. कारण अण्णाराव अन् मी एका वयाचे, अप्पा. वाळूत पावलं ओळखायला त्याला मी शिकवलं. पाटीलकी यायच्या आधी तो माझ्याबरोबर अनवाणी हिंडायचा, माझ्या आईच्या हातची आंबाडीची भाजी खायचा, चोरून, म्हणजे त्याच्या घरी कळू नये म्हणून. चारचौघांत मी पाटील म्हणायचो, एकट्यात आण्णा. मी म्हणलं, आण्णाला आधी सांगावं. तो भावाच्या कानफटात दोन देईल, गाठोडं काढून देईल, मल्लम्माची चांदी संध्याकाळच्या आत कणगीत. कुणाची अब्रू जायला नको. असं मी केलं. माग कानात सांगितला. माझ्या बापानं नको म्हणलेलं तेवढं एकच काम मी जन्मात केलं अन् ते आण्णासाठी केलं.

तो गोठ्यात होता, बैलाला चारा टाकत होता. ऐकून घेतलं सगळं. म्हणला, दे इकडं. मी माप दिलं. त्यानं ते उजेडात धरलं, नखाची खूण बघितली — त्याला बघता येत होतं, मीच शिकवलं म्हणलं की — अन् मोडलं. कट्. पुन्हा एकत्र धरून मोडलं. अन् बैलापुढं टाकलं. बैलानं खाल्लं. आमी दोघं बैल खातो ते बघत उभे राहिलो. मग म्हणला, माग ओढ्यापल्याड गेला, मुंज्या. मी म्हणलं, न्हाई गेला, आण्णा. तो म्हणला, "तू माझा हायस का न्हाईस?" बस. आरडाओरडा न्हाई, धमकी न्हाई. हात माझ्या खांद्यावर.

— पुढं? पुढं काय, त्या महिन्याचा कागद निरंकच गेला. ते जाऊ द्या. पुढं काय झालं ते ऐका. तीन महिने गेले. आण्णा माझ्याशी बोलायचा, पण माझ्या तोंडाकडं बघायचा न्हाई. मी चावडीत गेलो की त्याला बाहेर काम निघायचं. अन् एका दिवशी पंचांपुढं, सगळं गाव बसलेलं असताना, तो उठला, माझ्याजवळ आला, लय मायेनं म्हणला, आमच्या मुंज्याला आता दिसत न्हाई, किती दिवस राबवायचं त्याला, जागलकी दुसऱ्याला देऊ. लोक हळहळले. मी तेव्हा चाळीस-बेचाळीसचा, अप्पा. घारीसारखा डोळा. तोंड उघडलं असतं तर काय सांगणार होतो? दिसतं म्हणून सांगायचं तर काय दिसलं ते बी सांगावं लागलं असतं. अन् दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं — बाया पाणंदीत थांबून ओरडायच्या, मुंजाबा, इकडं दगड हाय, मुंजाबा, जपून. शेजारच्या आबासाहेबाची सून माझा हात धरून नालीपल्याड न्यायची. मी जायचो. दगड मला दिसायचा, दगडाखालची मुंगी दिसायची, पण मी हात द्यायचो. बारा सालं आंधळेपणा केला. आता खरंच थोडं कमी दिसतं, पण कुणाला सांगितलं तर म्हणतील हे काय नवीन.

माणिकराव? हाय की. आता गावचा कारभार तोच बघतो. तुमच्या दुकानाच्या परवानगीला त्याच्याच पाया पडायचंय.

काय म्हणता — मल्लम्माची चांदी? न्हाई मिळाली. तिला म्हैस मिळाली. चांगली दुभती, काळीभोर. ह्या खुंट्याला बांधलेली असायची, हा बघा, अजून हाय. ती रोज मला तांब्याभर ताक धाडायची. मुंजादादामुळं काहीतरी तरी मिळालं, म्हणायची. मी प्यायचो. सालभर प्यायलो, मग ती भावाकडं राहायला गेली. — कुणाची म्हणजे? ओढ्यापल्याडच्या गावानं दिली. रीतच तशी हाय, सांगितलं की मघाशी. माग त्यांच्या शिवात गेला अन् पुढं निघाला न्हाई, म्हणून... गेला म्हणजे. नेला.

मी नेला, अप्पा. कशाला लपवू आता? गोठ्यातून निघालो अन् नवीन ताट मोडलं. माप कुणाचं घ्यायचं? दुसऱ्या कुणाच्या पायाचं घेतलं असतं तर तो माणूस मेला असता. म्हणून माझ्याच पायाचं घेतलं. ओढ्याच्या वाळूतून अनवाणी पल्याड गेलो, खडक लागला तिथं थांबलो, दगडादगडावरून परत आलो. वहाणा घातल्या. मग शिवेवर उभा राहून किशनला हाक मारली. तो धावत आला, हातात कुदळ होती, काम सोडून आला. मी माप पुढं केलं, म्हणलं, घे, तुझ्या शिवात आला. त्यानं घेतलं. मोजलं न्हाई. माझ्याकडं बघून म्हणला, दमलास, पाणी पिऊन जा. अन् पाणी दिलं मला. चार दिवस तो खडकावर माग धुंडत होता. नसलेला माग. मी अल्याडून बघत होतो. मग त्याच्या गावानं ठरवलं की चोर ह्यानंच जाऊ दिला, अन् त्याची म्हैस सोडून आणून इथं बांधली, जागलकी काढून घेतली. आण्णानं मला फसवलं हे मी बारा सालं मनात घोळवायलो, रोज, अन् खरंच फसवलं त्यानं. पण किशनला आण्णानं न्हाई फसवलं. किशनला आण्णा माहीत बी नव्हता. त्याला मी माहीत होतो.

तुमी घर घ्या, अप्पा. चोरीला भ्यायचं कारण न्हाई, दार नुसतं लोटून बोरीला जा, काडी हालणार न्हाई. पण कधी हाललीच, तर पाटलाकडं जाऊ नका, अन् माझ्याकडं बी येऊ नका.

गेल्या सोमवारी मी बोरीला गेलो होतो. किशन तिथं हमाली करतो, पोती वाहतो. पाठ वाकलीय. दुपारची भाकर खात बसला होता लिंबाखाली, मी जाऊन शेजारी बसलो. बारा सालांत पहिल्यांदा. म्हणलं, किशन, ते माप माझ्या पायाचं होतं. सगळं सांगितलं — माणिकराव, गोठा, बैल, वाळू, सगळं. ताकाचं बी सांगितलं. तो खात होता. मला वाटलं शिवी देईल, मी तोंड पुढं करूनच बसलो होतो. त्यानं भाकर संपवली. लोट्यातलं पाणी प्यायला, उरलेल्यात हात धुतले. फडकं झटकलं, घडी घातली, खांद्यावर टाकलं. उठताना माझ्याकडं बघितलं — न्हाई बघितलं असं न्हाई, नीट बघितलं. मी म्हणलं, किशन, काहीतरी बोल. तो पोत्यांकडं निघाला. एक पोतं पाठीवर घेतलं अन् गेला.