गुरुवारचं तळण

बिश्केकच्या त्या परदेशी साखळी दुकानात पैसे द्यायची रांग हलत नव्हती, त्यामुळे पुढे उभ्या असलेल्या सासू-सुनेचं बोलणं ऐकण्यावाचून आइगानिशला गत्यंतर नव्हतं. सुनेच्या हातात तयार बोरसोकचं, म्हणजे तळलेल्या कणकेच्या फुगीर तुकड्यांचं, पाकीट होतं.

“काय गं बेगायिम, हे आजच्या गुरुवारचं?”

“हो आपा. मामंजींच्या नावानं.”

“गुरुवारी घरात तेल तापवायचं, ते गेलेल्या माणसाला वास पोचावा म्हणून. या हवाबंद पिशवीतून कसला डोंबलाचा वास पोचणार?”

“घरी गेल्यावर फोडते की.”

“फोडते म्हणे! तुझा सासरा काय कुत्रं आहे, पिशवी वाजली की धावत यायला?”

“हळू बोला, लोक ऐकतायत. आणि माल चांगला असतो यांचा. पाच देशांत दुकानं आहेत, चव सगळीकडे एकच.”

“पाच देशांत एकच चव, म्हणजे एकाही घरची नाही.”

“तळलं की फ्लॅटभर धूर होतो, आपा. शेजारी ओरडतात.”

“ओरडू देत. जिवंत आहेत ते. उपाशी बसलाय त्याचं काय?”

“एवढं वाटतं तर तुम्हीच तळा ना.”

“हे हात थरथरत नसते, तर तुझ्या तोंडाला लागले असते का मी?”

तेवढ्यात त्यांचा नंबर आला. काउंटरवरच्या मुलीनं पाकीट उलटंपालटं करून पाहिलं.

“यावर एक फुकट आहे. आणू दुसरं?”

“नको, एक पुरे,” सून म्हणाली.

“आण बाई, आण,” म्हातारी म्हणाली. “फुकटचं कशाला सोडायचं? माझ्या गुरुवारला होईल.”