बिरूची माफी

नाय, सही नाय करायची मी. अंगठा तर नायच — चौथी शिकलेय, सही येती मला, म्हणूनच करत नाय. चहा घे, निशा. शेळीच्या दुधाचा हाय, नाक मुरडू नको. तुझ्या कंपनीचा चष्मा चांगलाय गं, कोण नाय म्हणतं? एकदाच घातला म्या. ज्ञानेश्वरीनं, माझ्या लेकीनं, बापाचे फोटो दिले, फोनातला आवाज दिला, अन् तुम्ही मेलेला माणूस घोंगडीसकट माझ्यासमोर उभा केला! मिशी बी तश्शीच, डावीकडं झुकलेली. पण त्याला विचारलं का कुणी? व्हय गं, बिरूला? जित्तेपणी रेशनकार्डाच्या फोटोला ओढत न्यावा लागला — अन् आता तुम्ही त्याला नमुना म्हणून चार बायांना दावणार. त्याच्यासाठी माझी सही!

अन् बोलला काय? 'बाने, माझा राग नाय तुझ्यावर.' थेट, तोंडाकडं बघून. तिथंच कळलं, हा आपला नव्हं. आमचा अबोला झाला की आम्ही शेळीला मधी घालायचो — 'चांदे, सांग मालकिणीला, मीठ कमी हाय.' मी म्हणायची, 'चांदे, सांग त्याला, हात मोडलेत का?' हसू नको. निम्मा संसार असाच झाला.

त्या दिशी बी अबोलाच, तिसरा दिस. कशावरून ते आठवत नाय — आठवतंय, खोटं कशाला बोलू? मीच म्हणले, तुला मेंढरं बी राखता येत नाय. दारातनं म्हणला, 'चांदे, सांग तिला, सांजच्याला येतो.' मी पाठ फिरवून भांडी घासत बसले. चांदी ओरडली, मी नाय. अन् फुलंब्रीच्या सडकंवर ट्रकनं —

मग मला माफी दिली कुणी? त्याची होती ती, द्यायची का ठेवायची ते त्यानं ठरवायचं. तुमची मशीन कोण वाटणारी? पहिल्यांदा ऐकली तवा रडले. चौथ्या खेपेला बरं वाटलं. अन् आता रोज दुपारी ऐकते, तर खरा बिरू कसा खेकसायचा तेच आठवंना झालंय — व्हय, एकदाच म्हणले मघाशी. म्हणले असंन.

काय? शेळी बी घालता येती त्यात? तिच्याकडं बघून बोलंल तो? हुबेहूब?

…

चांदे. ये इकडं. सांग त्या पोरीला — चष्मा उचल म्हणावं, अन् जाताना कवाड लोट.