पंप आला नाही, एवढंच

सर्बियातल्या नोवी सादमध्ये बेकरीच्या रांगेत मिल्यानाच्या मागे घरं गरम ठेवणारे बॉयलर दुरुस्त करणारा रातोमिर आणि जनावरांची डॉक्टर दुशित्सा उभे होते.

“रातोमिर, फोन वाजतोय तुझा,” दुशित्सा म्हणाली.

“देसांका आजी. त्यांच्या बॉयलरचा पंप अजून आला नाही. काय सांगू?”

“तेच सांग.”

“सांगण्यासारखं काही नाही, हे सांगायला फोन घेऊ?”

“ऑपरेशननंतर मी कुत्र्याच्या मालकाला ‘अजून झोपलाय’ एवढंच सांगायला फोन करते. तेवढ्यानेही जीव भांड्यात पडतो.”

“आजी ओरडतील.”

“ओरडू देत. कुडकुडत तुझ्यासाठी कॉफी पुन्हा पुन्हा गरम करत असतील.”

तोवर फोन वाजायचा थांबला होता. रातोमिरने आजींना उलट फोन लावला.

“आजी, पंप आज येत नाही... हो, कळवायला हवं होतं... कॉफी ठेवा, माझा घरचा हीटर घेऊन येतो.”

हे ऐकून मिल्यानाने त्याला रांगेत आपल्या पुढे जाऊ दिलं.

“नेहमीसारखा एकच चीजचा बुरेक?” बेकरीवालीने विचारलं.

“दोन द्या.”