माझे पडदे, तिचे अभ्रे

हॅलो? … हं, बोल ताई. … नाही गं, झोपले नव्हते, मशीनवर होते. पडद्याला अस्तर लावतेय. … उघडली का माझी वेबसाइट तुझ्याकडे? … वेगळीच दिसणार. ही नवी आहे, आधीची काढून टाकली.

… का म्हणजे? अगं ऐक ना. धाकट्या जावेने तिच्या उशांच्या अभ्र्यांची वेबसाइट काढली, तेव्हा जेवता जेवता तिचा फोन घरभर हातोहात फिरत होता. सासूबाई चष्मा लावून बघत होत्या. आणि हे म्हणाले, किती नीटनेटकं केलंय. इतकी वर्षं मी याच घरात पडदे शिवतेय, मला कधी कुणी नीटनेटकं म्हटलंय? … हो, जळले. जळले कसली, भाजून निघाले. तिला सरळ टीप घालायला मी शिकवलंय, ताई.

… मग काय, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसले आणि स्वतःच केली. तिच्याकडे आहे ते सगळं हवं, वर चार गोष्टी जास्त. उघडली की आधी गाणं वाजायचं, मग दोन मखमली पडदे हळूहळू सरकायचे… हो, हळूहळूच. ते सरकेपर्यंत यांची अंघोळ उरकली.

… फोटो? माझ्या कामाचे कुठले. नेटवरून उचलले. उंच छताचे दिवाणखाने, संगमरवरी फरश्या… मला वाटलं, या फोटोंपुढे तिचे अभ्रे पायपुसण्यासारखे दिसतील.

… तेच सांगतेय. दातांच्या एका डॉक्टरीणबाईंचा फोन आला. तिसऱ्या फोटोतले पडदे हवेत म्हणाल्या, दवाखान्यासाठी. मी कापडाबद्दल बोलले, रंगाबद्दल बोलले, त्यांचं आपलं तोच फोटो, तोच फोटो. शेवटी सांगावं लागलं, ते पडदे मी शिवलेले नाहीत. मग अगदी शांतपणे म्हणाल्या, "मग तुम्ही शिवलेले कुठे आहेत?"

… नाही, रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर परवडलं असतं. … नाही, परत नाही केला फोन.

… हो ना. मग गाणं काढलं, मखमल काढली. गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन विचारलं, फोटो काढू का. वाचनालयाचा फाटलेला पडदा मी जोडून दिला होता, त्याचा फोटो लावला. आमच्या खोलीतला पिवळा लावला, खिडकीतून ऊन येतानाचा. खाली लिहिलं, घरी येऊन माप घेते, आणि धुतल्यावर पडदा आटला तर खालची दुमड उसवून लांबी वाढवून देते. … बस्स, एवढंच.

… येतात ना फोन. पहिलं विचारतात, ते दुमडीचं लिहिलंय ते खरं का.

… कुठलं समाधान, ताई? सकाळी आधी तिची वेबसाइट उघडते, मग माझी. तिने नवा फोटो टाकला की माझा चहा गार होतो. … कळतं गं, तिचं गिऱ्हाईक वेगळं, माझं वेगळं. मनाला कोण सांगणार?

पण काल काय झालं ते ऐक. जाऊ खालून मोठी कात्री मागायला वर आली. फोन माझ्या टेबलावर ठेवला आणि आत सासूबाईंशी बोलायला गेली. फोन चालूच होता. … मी हात नाही लावला, नुसतं वाकून बघितलं. माझी वेबसाइट होती, ताई. तो पिवळा पडदा, बोटांनी मोठा करून बघितलेला.

… इतकं बरं वाटलं की माझीच मला लाज वाटली. म्हणजे तीही बघते. तिचाही चहा गार होतो.

… बोलली ना. बाहेर आली, फोन उचलला, कानापर्यंत लाल झाली. म्हणाली, "वहिनी, माझे फोटो सगळे मळकट येतात. हा असा कसा काढलात?"

… मी? मी म्हटलं, कॅमेरा चांगला आहे माझा. … हो, माहीत आहे, दोघींचे फोन सारखेच आहेत. एकाच दुकानातून एकदम आणलेत. … ती? कात्री घेऊन खाली गेली.

… काही विशेष नाही गं. दिवे बंद करायचे आणि सकाळचं ऊन कापडाच्या मागून येऊ द्यायचं, एवढंच. … ओरडू नकोस. ती मोकळ्या मनाने विचारत होती, कळलं मला. मला तसं तिला विचारता आलं नसतं.

… हो. … हो, सांगेन. खाली जाऊन तिचे अभ्रे खिडकीत टांगून दाखवेन. … आज नाही. … उद्या नक्की, ताई. आजचा एक दिवस तरी या घरात माझा फोटो चांगला असू दे.

… बरं. ठेवते.