साळूची सालू

माझा जन्म कोरेगावच्या पलीकडल्या एका लहान गावातला. शाळा चौथीपर्यंत, मग धाकटी भावंडं सांभाळायला घरी. नाव साळू. साळुंकी असते ना, पिवळ्या चोचीची, सारखी कलकल करणारी, तिच्यावरून आत्यानं ठेवलं, आणि मी निघाले अशी मुखदुर्बळ, की आत्याच म्हणायची, नाव चुकलं बाई पोरीचं. लग्नात सासूबाईंनी सुमन नाव ठरवलेलं. भटजींनी ताटात तांदूळ पसरले, अंगठीनं नाव लिहायला सांगितलं, तर आमच्या ह्यांनी साळूच लिहिलं. त्या काळात भर मांडवात आईच्या मनाविरुद्ध असं करायचं म्हणजे, काय सांगू तुम्हाला ताई. पुढं संसारात त्यांनी मला मोठंसं काही केलं नाही, पण माझं नाव माझ्यापाशी ठेवलं.

मी गावच्या शाळेत खिचडी शिजवायला होते. पोरं साळूमावशी म्हणायची. हे गेले, आणि मुलानं, सुहासनं, मला इकडं जर्मनीत, इंगोलश्टाटला आणलं. तो मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. सून इकडचीच, कात्या, गुणी आहे, मला आई म्हणते, पण बाकीचं बोलणं हातवाऱ्यांनी. आणि नात मीरा. मीरा का, तर इकडच्यांनाही म्हणता येतं. तेव्हा मला त्यात काही वाटलं नव्हतं.

मीराला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. मी नवीन होते तेव्हा विचारलं, तुझ्याजवळ बसू का गं, तर म्हणाली, ना क्लार. मला त्यातलं ना तेवढं कळलं. मी मुकाट उठून खोलीत गेले, रडलेसुद्धा. सुहास हसायलाच लागला, अगं आई, ना क्लार म्हणजे हो तर, ती बस म्हणत होती तुला.

कात्याच्या आईला ती ओमा इंगे म्हणते आणि मला ओमा सालू. ओमा म्हणजे आजी, त्यांच्यात आजीला नावासकट हाक मारायची पद्धत आहे. ळ तिला येत नाही. मी तिला समोर बसवायची, जीभ अशी मागं वळव, म्हण बाळ, म्हण केळं, म्हण साळू. ती म्हणायची बाल, केलं, सालू. माझं एवढंच मागणं होतं ताई, मराठी बोलू नकोस हवं तर, पण माझं नाव नीट घे. माझ्या मागं ते घेणारं इथं दुसरं कोण आहे?

मग तिला शाळेत रोमन लोकांचा धडा लागला. सुहास आम्हाला म्युझियममध्ये घेऊन गेला. या भागात फार पूर्वी दुसरेच लोक राहायचे, रोमन चालून आले आणि पार डोनाऊ नदीपर्यंत राज्य केलं. तिथं सगळं मांडलेलं, त्यांची भांडी, न्हाणीघरं, रस्त्याचे दगड. सुहास म्हणाला, नुसत्या तलवारीनं नाही झालं आई, लोकांनाही आवडलं, पलटणीत नोकरी, पक्की घरं, पुढं त्यांचेच नागरिक झाले. मी म्हटलं, तुझ्यासारखंच की. त्यानं नुकताच इकडचा पासपोर्ट घेतला होता. तो पुढच्या दगडाकडं वळला आणि मलाच कसंतरी झालं.

एक थडग्याचा दगड होता. त्यावर आजी, तिचा मुलगा आणि नात, तिघांची नावं कोरलेली. म्युझियम दाखवणारी बाई सांगत होती, सुहास मला मराठीत सांगत होता. आजीचं नाव जुन्या भाषेतलं, मुलाचं अर्धं असं अर्धं तसं, नातीचं पुरतं रोमन. मीरानं विचारलं, आजीच्या नावाचा अर्थ काय? बाई म्हणाली, कुणालाच ठाऊक नाही, ती भाषा बोलणारं कुणी उरलं नाही. आणि नाव तरी अगदी असंच होतं का, तेही सांगता येत नाही, त्यातल्या एका उच्चाराला रोमन लिपीत अक्षरच नव्हतं, पाथरवटानं जवळचं एक बसवलं. मी त्या अक्षरावर बोट ठेवायला गेले तर बाई नाइन नाइन करत धावली.

घरी आल्यावर मीरानं माझ्या नावाचा अर्थ विचारला. मी सांगितलं, साळुंकी. तिनं मोबाइलवर पक्षी शोधला, त्याचा आवाज ऐकला, तिथल्या तिथं त्याच्या जातीचा इकडचा पक्षी काढून त्याचं जर्मन नाव मला सांगितलं. दुसऱ्या दिवशी शाळेत सगळ्यांना सांगून आली. सुहास खूश, बघ आई, राहिला की नाही अर्थ. मी म्हटलं, हो रे बाबा, राहिला. कुठल्या भाषेत राहिला, ते नाही बोलले.

त्याच संध्याकाळी पोरगी आपण होऊन माझ्यासमोर बसली आणि ळ म्हणायला लागली. मानेच्या शिरा ताठल्या, डोळ्यांत पाणी आलं, पण निघाला तो लच. मी तिचं तोंड पुसलं, म्हटलं, बास गं बाई, घसा दुखेल. त्यानंतर मी तिला कधी बसवलं नाही. तिचा काय दोष? देव तिला उदंड आयुष्य देवो, हवं ते बोलू दे. सुहास आई म्हणतो, कात्या आई म्हणते, साळू म्हणणारं कुणी नाही. आतल्या खोलीतून सालू म्हणून हाक येते, आणि मी ओ देते.