मंत्र्यांचे पहिले गुरुजी

राजमती : पेपर चुरगाळून बातमी बदलती व्हय?

बाहुबली सर : बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं मी. आणि आपल्या शाळेचा श्रेयस ऊर्जामंत्री झाल्यावर काय सांगतोय? ‘माझे पहिले गुरू, निपाणीच्या शाळेतले शिपाई कृष्णात मामा.’ शिपाई!

राजमती : त्याला जे आठवलं ते बोलला.

सर : विजेवर डॉक्टरेट केली, परदेशात मोठमोठ्या कंपन्यांना सल्ले दिले. ह्याचा पाया घंटा वाजवणाऱ्यानं घातला?

राजमती : त्यानं शपथ घेतल्यापासनं आठ दिवस फोन उशाला घेऊन झोपताय. फोन आला कृष्णातला.

सर : मीठ चोळ आणखी.

राजमती : उद्या शाळेत त्याच्या सत्काराला तुमचीबी खुर्ची हाय की स्टेजवर.

सर : मागच्या रांगेत! पुढं मंत्र्याशेजारी कृष्णात. मी न्हाय जाणार.

राजमती : हळू बोला. दारात उभा हाय त्यो. कवा आलास रं कृष्णात?

कृष्णात : आत्ताच आलतो, आक्का. सर, उद्या मला बोलायला लावणार हाईत. चार ओळी लिहून देतासा?

सर : मी? गुरूला मी काय शिकवायचं?

कृष्णात : चेष्टा करू नका, सर. पोरगं कायतरी जुनं धरून बसलंय.

सर : काय शिकवलंस त्याला? एकदा कळू दे.

कृष्णात : काय न्हाय ओ. तुम्ही त्याला वर्गाबाहेर उभं केलं हुतं. मी तिथंच पाण्याची मोटर खोलून बसलो हुतो.

राजमती : बाहेर? का ओ?

सर : सारखा प्रश्न विचारायचा. परीक्षा तोंडावर, पोर्शन निम्मा राहिलेला.

राजमती : हे कधी बोलला न्हाईसा.

(सर चुरगाळलेला पेपर सरळ करून ठेवतात.)

सर : कृष्णात, दारात का उभा? आत ये. खाली नको, खुर्चीवर बस.

कृष्णात : असू दे, सर.

सर : बस म्हटलं न्हवं. आणि सांग, त्या दिवशी त्याला काय विचारायचं हुतं? मी पुरतं ऐकलंच न्हाय.

कृष्णात : बटण बंद केल्यावर वीज कुठं जाती, म्हणत हुता.

सर : मग? तू काय सांगितलंस?

कृष्णात : मी काय सांगणार, सर? म्हटलं, मला न्हाय म्हाईत. बस हितं, दोघं मिळून बघूया.