मदीनाबींच्या नावापुढचा शेरा

आजच्या निवृत्ती समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या वैद्यकीय अधिकारी डॉक्टर अनुश्री मॅडम, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, ज्यांच्यासाठी आपण सगळे कामधंदा सोडून जमलो आहोत त्या सत्कारमूर्ती मदीनाबी सिस्टर, पुढच्या रांगेत नवा सदरा घालून बसलेले त्यांचे यजमान अशफाकभाई, आरोग्य खात्यातले माझे आजी-माजी सहकारी, आमच्या सायकल मंडळाचे सभासद, आणि मसालेभाताचा वास आल्यापासून ज्यांचं लक्ष मागच्या दाराकडं लागलं आहे असे सर्व बंधुभगिनींनो,

मला पाच मिनिटं दिलेली आहेत. मी, व्यंकटराव, तालुका आरोग्य कार्यालयात चौतीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. तेव्हा पाच मिनिटांचं काम आमच्याकडं किती वेळात होतं, हे आपणा सर्वांना अनुभवानं ठाऊक आहे. अध्यक्षांनी सांभाळून घ्यावं.

मदीनाबींच्या सेवेविषयी आधीचे वक्ते बोललेच. कुरुंद्याला नोकरीला लागल्या तेव्हापासून लशीचा डबा कॅरियरला बांधून ही बाई गावोगाव फिरली. या सभागृहात बसलेल्या निम्म्या लोकांच्या दंडावर त्यांच्याच सुईची खूण असणार. लहानपणी त्यांना बघून पळणारी पोरं आज टाय लावून त्यांचा सत्कार करायला आलीत, याचं मला फार समाधान वाटतं. पण ते सगळं सांगून झालेलं आहे. मी जे सांगणार आहे ते कुणीच सांगितलेलं नाही, कारण ते दोघांनाच माहीत आहे. त्यातल्या एक जण कधीच सांगणार नाहीत. दुसरा मी.

आपल्याला आठवत असेल, चार वर्षांमागं आमचं मंडळ औंढ्याहून समुद्र बघायला सायकलवर गेलं होतं. अकरा सायकली आणि सामानाचा एक टेम्पो. मी तेव्हा नोकरीत होतो आणि मंडळाचा प्रमुखही होतो. आता कारकून माणूस प्रमुख झाला की काय होतं? हजेरीपट होतो. मी रीतसर रकाने आखले. नाव, निघाल्याची वेळ, पोचल्याची वेळ आणि शेवटी शेरा. रोज संध्याकाळी मुक्कामी तो मोठ्यानं वाचायचा. लोक सायकलवर निसर्ग बघायला जातात, आमची मंडळी माझा शेरा ऐकायला घाबरायची.

शेऱ्याचा नियमही मीच केला होता. चढावर जो सायकलवरून उतरला आणि चालला, त्याच्या नावापुढं 'पायी' असं लिहायचं. आणि ज्याच्या नावापुढं एकदा 'पायी' आलं, त्यानं पुढच्या कुठल्याही दौऱ्याला सायकल आणायची नाही. टेम्पोत बसून यायचं आणि सगळ्यांसाठी कांदे चिरायचे. इतका कडक नियम काहून, असं मला पुष्कळांनी विचारलं. मी म्हणालो, शिस्त. आज विचाराल तर सांगतो, साहेबगिरी. नोकरीत कधी मिळाली नाही, ती सायकलवर करून घेतली.

घाटाची तयारी म्हणून आम्ही काय केलं? आपल्या औंढ्याचा चढ अकरा वेळा चढलो. आपण त्यालाच घाट म्हणतो ना. अकराव्यांदा वर पोचलो तेव्हा मी भाषण केलं होतं की आता सह्याद्रीची खैर नाही.

तर समुद्र झाला. पोरांनी पाणी चाखून खारट आहे याची खात्री करून घेतली. परतीला पोलादपूरहून आंबेनळी घाटानं महाबळेश्वर गाठायचं होतं. सकाळी सहाला निघालो. पहिल्या तासातच आमच्या लक्षात आलं की औंढ्यात आपण ज्याला घाट म्हणतो, त्याला त्या मुलखात स्पीडब्रेकर म्हणत असतील. एक वळण संपलं की दुसरं, त्याच्यावर तिसरं. मान वर करून बघावं तर आपल्याला जिथं जायचंय तो रस्ता डोक्यावरच्या झाडीत दिसतो. मी नंतर मान वर करणंच सोडून दिलं.

नऊच्या सुमारास औषधांच्या खिडकीवरचा आपला मुकुल, तो बघा तिथं खांबाला टेकून उभा आहे, सायकलवरून उतरला आणि शंभरेक पावलं चालला. चेन पडली होती असं त्याचं म्हणणं. मी तिथंच रस्त्यात सगळ्यांना थांबवलं. घाट चढायला आलास का वरातीत आलास, इथपासून त्याच्या खाण्यापिण्यापर्यंत सगळं काढलं. तरणाताठा पोरगा, डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. मदीनाबी मला बाजूला घेऊन म्हणाल्या की लेकरू आहे, जाऊ द्या. मी ऐकलं नाही. खिशातून पट काढला आणि त्याच्यासमोर 'पायी' लिहिलं.

पुढं वाडा कुंभरोशीला चहा झाला. तिथं जरा सपाटी लागते, म्हणून आम्हाला वाटलं घाट संपला. चहावाल्यानं सांगितलं की आता सुरू होतो. मंडळी पुढं निघाली, टेम्पो तर कधीच वर गेला होता. मदीनाबी नेहमी सगळ्यांच्या मागं असतात. दम नसतो म्हणून नव्हे, कुणी मागं राहू नये म्हणून. त्या दिवशी त्यांच्या पुढं मी होतो, म्हणजे शेवटून दुसरा.

दोनचं ऊन. महाबळेश्वर सात किलोमीटर राहिलं असेल. माझ्या दोन्ही मांड्यांत एकदम गोळे आले. मी सायकलवरून उतरलो असं म्हणता येणार नाही, मी पडलो. कठड्याला टेकून बसलो आणि पाय सरळ होईनात. मदीनाबींनी सायकल लावली, माझे पाय चोळले, मीठ-साखरेचं पाणी पाजलं. अर्ध्या तासानं उभा राहिलो. पुन्हा सायकलवर बसलो आणि दोन पायडल मारून पुन्हा खाली आलो. चालता येत होतं, चढता येत नव्हतं.

मंडळी, मी सत्तावन्न वर्षांचा होतो, आणि मी त्या कठड्यावर बसून रडलो. पाय दुखतात म्हणून नाही. पाच तासांपूर्वी मी त्या पोराला जे बोललो होतो, ते सगळं आता दहा माणसांसमोर स्वतःच्या नावापुढं लिहायचं होतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. वर जाऊन तोंड कसं दाखवू, एवढंच मी पुन्हा पुन्हा म्हणत होतो.

त्यांनी आपली सायकल हातात धरली आणि माझ्या बाजूनं चालायला लागल्या. मी म्हणालो, तुम्ही बसा सायकलवर, तुमचे पाय चांगले आहेत. त्या म्हणाल्या, चला हो. सात किलोमीटर आम्ही दोघं चाललो. वाटेत त्यांनी मला कुठल्या गावात कुठल्या बाईचं बाळंतपण कसं अडलं होतं ते सांगितलं, मध्येच माकडं दाखवली, मी एकदा हसलोसुद्धा. इतका वाईट दिवस आणि त्यातले ते दोन-अडीच तास मला आजही गोड वाटतात, याचं मलाच नवल वाटतं.

वर पोचलो तर मंडळी काळजीत उभी. मी तोंड उघडायच्या आत मदीनाबी बोलल्या. "माझा गुडघा धरला. लय तकलीफ झाली. व्यंकटराव माझ्यासाठी उतरले बिचारे, न्हाईतर कवाच आले असते वर."

टाळ्या वाजल्या. माझ्यासाठी. मुकुलसुद्धा वाजवत होता.

त्या वेळी एक वाक्य बोलायचं होतं. 'खोटं आहे' एवढंच. मी नाही बोललो. संध्याकाळी पट काढला आणि माझ्या हातानं लिहिलं: मदीनाबी, पायी. व्यंकटराव, पूर्ण, सहकाऱ्यास मदत केली. चौतीस वर्षांच्या नोकरीत या हातानं एक खोटी नोंद केली नाही, हे मी निवृत्तीच्या भाषणात याच सभागृहात छाती काढून सांगितलं होतं. खरंच होतं ते. नोकरीत नाहीच केली.

औंढ्याला परत आल्यावर मंडळानं मला आदर्श सहप्रवासी म्हणून शाल दिली. अशफाकभाईंनी तेव्हा घरी विचारलं होतं म्हणे, गुडघा तर तुझा कधीच दुखला न्हाई, घाटातच काहून दुखला? अशफाकभाई, आपल्याला उत्तर मिळालं असेल.

आणि नियम? मदीनाबींना तो बराबर माहीत होता. गुडघ्याचं नाव घेतलं तेव्हा आपली सायकल कायमची सुटली, हे माहीत असून त्या बोलल्या. दोन वर्षांमागं आम्ही पुन्हा निघालो, तेव्हा त्या टेम्पोत बसून आल्या. पंधरा दिवस कांदे चिरले. चढावर आम्ही पुढं गेलो की त्या मागच्या फळीवर बसून बघायच्या. मी सायकलवर होतो. मला लाज वाटली का? वाटली. पण लाज वाटणं आणि बोलणं यात फार अंतर असतं, आणि दर दिवशी ते वाढत जातं.

मग आता काहून बोलून राहिलो? सांगतो. जानेवारीत मंडळ निलगिरीच्या डोंगरात जाणार आहे. बारा जणांची यादी माझ्याकडं आहे. गेल्या आठवड्यात मदीनाबी माझ्या दारी आल्या. मला सगळं लेखी लागतं हे सगळ्या तालुक्याला माहीत, सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, म्हणून त्यांनी रीतसर अर्ज आणला होता. मी अर्ज वाचला. त्यात लिहिलं होतं: "माझा गुडघा आता पूर्ण बरा झाला असून, निवृत्तीनंतर एकदा सायकलवर येण्याची परवानगी मिळावी, ही विनंती."

घरात आम्ही दोघंच होतो. ऐकायला तिसरं कुणी नव्हतं, तरी त्यांनी गुडघाच लिहिला. चार वर्षं माझं खोटं त्यांनी सांभाळलं, आणि स्वतःचा हक्क मागायला आल्या तेव्हासुद्धा ते मोडलं नाही. मी त्यांना बघू म्हणून पाठवलं आणि त्या रात्री जेवलो नाही.

मदीनाबी, हात करून मला खाली बसा म्हणू नका. मी बसणार नाही.

हा तो हजेरीपट. पिशवीत घालून आणलाय. सरकारी कागदावर खाडाखोड करायची नसते, नव्या कारकुनांनी लक्ष द्यावं. चुकीच्या नोंदीवर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. वर खरं लिहायचं, बाजूला सही आणि तारीख. मारली रेघ. मदीनाबी, पूर्ण. व्यंकटराव, पायी. अध्यक्षांनी साक्षीदार म्हणून इथं सही करावी, ही विनंती. आभारी आहे, मॅडम.

मुकुल, तू हसू नकोस. तुझा शेरा खरा आहे, तो तसाच राहील. जानेवारीत आपण दोघं टेम्पोत. मी कांदे चिरीन, तू लसूण सोल. यादीतलं माझं नाव मी सकाळीच कमी केलंय आणि त्या जागी मदीनाबींचं लिहिलंय. अर्ज मंजूर. गुडघ्याचा उल्लेख अनावश्यक असल्यानं वगळला आहे.

अध्यक्षांनी पाच मिनिटांची पंधरा करू दिली, आपण सर्वांनी भात निवत असताना शांतपणे ऐकून घेतलं, संयोजकांनी माईक काढून घेतला नाही, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर मोठ्या मनानं पदरात घ्यावं, अशी सभागृहाला विनंती.

सभागृहाला एवढीच. राहिलेली माफी तुमच्याकडं मागतो, आपा. चार वर्षं तुमच्या सायकलवर मी बसलो होतो.